झाकण उघडण्याआधी

१

रविवारी चर्चमधून आल्यावर या घरात कुणी लगेच जेवत नसे. टेबलाशी बसत सगळे, पण जेवत नसत. मधोमध रश्शाचं मोठं पातेलं, त्यावर झाकण, शेजारी एक अख्खा पाव आणि भोवती पाच माणसं, हात मांडीवर ठेवून. आधी कबुली, मग जेवण. थोरल्यापासून सुरुवात करायची आणि धाकट्यापाशी थांबायचं. या टेबलावरच्या एखाद्या माणसाचं आपल्या हातून आठवड्याभरात जे काही वाईट झालं असेल, ते त्याच्या तोंडावर सांगायचं. एकच सांगायचं, पण खरं. ज्याचं वाईट झालं त्याने "माफ केलं" म्हणायचं, पावाचा तुकडा मोडायचा आणि सांगणाऱ्याच्या ताटलीत ठेवायचा. पाचही ताटल्यांत तुकडे पडले की सासूबाई झाकण काढायच्या. आणि एकदा माफ झालेली गोष्ट पुन्हा त्या घरात कुणी तोंडातून काढायची नाही. भांडणात नाही, थट्टेतसुद्धा नाही.

सूनबाई या घरात आली त्याला आता सहा वर्षं झाली होती. पहिल्या रविवारी तिला हे सगळं बघून हसू आलं होतं, दुसऱ्या रविवारी रडू आलं. तिच्या माहेरी कुणी कुणाला कधी माफ करत नसे. तिच्या वडिलांनी सख्ख्या भावाशी एका भिंतीवरून वीस वर्षं अबोला धरला होता, आणि तो धरल्याचा त्यांना केवढा अभिमान. इथे मात्र पोस्टातून निवृत्त झालेले सासरे, पांढरी मान खाली घालून, आपल्या बायकोला सांगत की मी तुझ्या वाटणीची साय खाल्ली. सासूबाई गंभीर चेहऱ्याने माफ करत. सूनबाईला वाटलं, आपण योग्य घरात पडलो.

ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढायचं काम करायची. गिऱ्हाइकं डागाबद्दल धडधडीत खोटं बोलतात, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. रक्ताला सॉस म्हणतात, दारूला चहा. डाग कशाचा ते कळल्याशिवाय त्याला औषध कुठलं लावायचं ते कळत नाही, म्हणून दुकानात ती खोदून खोदून विचारायची. घरी मात्र तिने विचारणं सोडून दिलं होतं. सहा वर्षांत इथली पापं सगळी सायीची आणि साखरेची. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच तिच्या तोंडून "माफ केलं" निघून जाई आणि हात पावाकडे वळे. सगळ्यांचंच तसं झालं होतं. रस्सा निवत असतो, पोटात कावळे ओरडत असतात. त्यांचं चुकलं म्हणायचं तर एवढंच, की ऐकून घ्यायच्या आधी माफ करायची त्यांना सवय लागली होती.

२

त्या रविवारी सासऱ्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सूनबाई, तुझा चष्मा माझ्या हातून मोडला."

"माफ केलं," ती म्हणाली. पाव मोडला, तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की हे सगळं आपण त्याच चष्म्यातून बघतोय. तिने नाकावर हात लावून पाहिला. चष्मा होता. तिने बाकीच्यांकडे पाहिलं. सासूबाई आपल्या बोलायच्या पाळीची वाट बघत होत्या. नवरा पातेल्याकडे बघत होता. वाफेने झाकण हलकेच टकटकत होतं.

भांडी घासताना तिने नवऱ्याजवळ थट्टा केली, बाबांचं वय झालं हं, पुढच्या खेपेला माझ्या अंत्यविधीला उशिरा आल्याबद्दल माफी मागतील. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत लटकून काम करणारा माणूस, पण स्वभावाने हसरा. तो हसला नाही. माफ झालंय ते, काढू नकोस, एवढंच म्हणाला.

बुधवारी सकाळी तिने तोंड धुण्यासाठी चष्मा काढून खिडकीत ठेवला. सासऱ्यांनी तो उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला आणि मधोमध मोडला. तो आवाज तिला न्हाणीघरापर्यंत ऐकू आला. ती धावत बाहेर आली तर ते दोन्ही तुकड्यांकडे शांतपणे बघत होते, बऱ्याच दिवसांनी अपेक्षित टपाल यावं तसे. त्यांनी तुकडे तिच्या हातावर ठेवले आणि पेपर उघडला. चुकलं म्हणाले नाहीत. कशाला म्हणतील?

पुढच्या रविवारी सासूबाईंची बोलायची पाळी आली. त्या पाच वर्षांच्या नातीकडे वळल्या. "बिट्टे, मी तुला थोबाडीत मारली."

सासूबाईंनी त्या घरात माशीसुद्धा मारली नव्हती. बिट्टीला मात्र काही खटकलं नाही. या खेळात आपल्याला बोलायला मिळतं, याचंच तिला अप्रूप. "माफ केलं, आजी," म्हणत तिने पावाचा चांगला मोठा लचका तोडून आजीच्या ताटलीत ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी बिट्टीने भिंतीवर खडूने मांजर काढलं. सूनबाई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला आवाज ऐकू आला, एकच, सपाट. बाहेर येऊन बघते तर पोरीचा ओठ फुटलेला, आणि सासूबाई हात पुसून पुन्हा बटाटे सोलायला बसलेल्या. गुणगुणत होत्या. सूनबाईने पोरीला जवळ ओढलं. तिने विचारलं, आई, अहो पोरीचं तोंड फुटलंय, तुम्हाला काही वाटतं की नाही? सासूबाईंनी तिच्याकडे इतक्या निर्मळ डोळ्यांनी पाहिलं की सूनबाईच वरमली. आणि वर बिट्टीच रक्ताळल्या तोंडाने म्हणाली, "आई, मी माफ केलंय. आता बोलायचं नसतं."

३

सूनबाई भोळसट नव्हती. दिवसभर लोकांचं खोटं पकडणारी बाई ती. दुकानात वाफेच्या मशीनपाशी उभी राहून तिने शांत डोक्याने विचार केला. चष्मा मोडणं हा योगायोग. बाबांच्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं असेल आणि हाताने ऐकलं असेल. सासूबाईंचं पण तसंच. आधी माफी खिशात पडली की माणसाचा हात सैल सुटतो, त्यात भुताटकी कसली? तिने स्वतःला हे दोनदा पटवलं. तिसऱ्यांदा पटेना, कारण सासऱ्यांचा तो निवांत चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

शनिवारी तिने सासऱ्यांनाच गाठलं. आडून आडून विचारलं की बाबा, न झालेल्या गोष्टीची कबुली देता येते का? त्यांनी वाचायचा चष्मा कपाळावर सरकवला. कृपा म्हणजे फुकट मिळालेली गोष्ट, ते म्हणाले, तिला केव्हा आणि कशाबद्दल असं विचारायचं नसतं, घ्यायची आणि देवाचे आभार मानायचे. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता. एरवी तिला त्याने बरं वाटलं असतं.

रविवारी नवऱ्याची पाळी आली. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"मी तुझ्या हातावर उकळतं पाणी ओतलं," तो म्हणाला.

"माफ" एवढं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने दात आवळले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलाशी कुणी गप्प बसलं.

पातेल्याचं झाकण टकटकत होतं. सासूबाईंनी पाव तिच्याकडे सरकवला. तिने हात मांडीवरच ठेवले आणि नवऱ्याला विचारलं, "कधी?"

"कधी म्हणजे?" त्याला प्रश्नच कळला नाही. "झालंय ना ते. मला दिसतोय ना तुझा हात." आणि तो तिच्या धडधाकट उजव्या हाताकडे बघून हुंदके द्यायला लागला. ती बघतच राहिली. तो नाटक करत नव्हता. त्याला ते आठवत होतं.

कुणी जेवलं नाही. झाकणाची टकटक हळूहळू विरळ झाली आणि मग थांबली. रश्शावर साय धरली असेल, बघणार कोण? सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की क्षमा मागितल्यावर न देणं यापरतं मोठं पाप नाही, तू तरी आमच्या घरात हे आणू नकोस. तीन वाजता सूनबाई उठली. बिट्टी भुकेने पेंगत होती, तिला स्वयंपाकघरात नेऊन तिने दूध पाजलं. तेव्हा बाहेरच्या खोलीत तिघं अजून तसेच बसलेले तिला दिसत होते, हात मांडीवर, तोंडं तिच्याकडे.

४

आठवडा गेला आणि काहीच झालं नाही.

यातच सगळं आलं. नवरा किटलीच्या आसपास फिरकला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, शनिवार उजाडला आणि मावळला, तिचा हात जसाच्या तसा. म्हणजे माफ केलं तर होतं, नाही केलं तर होत नाही. तिला दुकानातल्या औषधांच्या बाटल्यांवरच्या नावांइतकं हे स्वच्छ कळलं.

पण नवरा खंगला. ज्याला माफी मिळाली नाही त्याने त्या टेबलावरचं अन्न खायचं नाही, हाही नियम होताच. आजवर कुणाला लागू झाला नव्हता इतकंच. तो कामावर काहीबाही खात असेल म्हणावं तर त्याच्या पँटला कमरेत चुणी पडायला लागली. तो तिचा हात हातात घेई, उलटसुलट करून बघे, बोटांवर फुंकर घाली आणि रडे. काहीच नसलेल्या जागी तो फुंकर घालत होता. पुढच्या रविवारी त्याने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, ती पुन्हा गप्प राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला खुर्चीत धड बसवेना. सासऱ्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. सासू-सासरे तिच्याकडे नुसते बघत राहिले, आणि तिला वाटलं, मी या घरात कोण? यांच्या लेकाचा जीव घेणारी.

"आई," बिट्टी म्हणाली, "बाबा रडतायत. तू माफ का नाही करत?"

सूनबाईने विचार केला, हातच आहे. जीव तर नाही. नवरा आपला आहे, त्याचे हे हाल बघवत नाहीत. शेवटी प्रेमच केलं तिने, दुसरं काय? "माफ केलं," ती म्हणाली आणि पाव मोडला.

त्याने तो तुकडा असा खाल्ला की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

मंगळवारी सकाळी ती ओट्यापाशी डबा भरत होती. तो मागून आला, किटली घेऊन. तिने मान वळवून त्याचा चेहरा पाहिला तेव्हा तो झोपेतून उठलेल्या बाळासारखा ताजा होता. त्याने तिचं मनगट धरलं, घट्ट नाही, फक्त धरलं. आणि किटली वाकडी केली. त्याला काही घाई नव्हती.

नंतर मलम त्यानेच लावलं, पट्टी त्यानेच बांधली, आणि बांधताना चर्चमधलं गाणं गुणगुणत होता. "फार दुखतंय का गं?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात खरी माया होती. ते कुणी केलं, हा प्रश्न त्याच्या आसपासही नव्हता.

५

तुम्ही म्हणाल, मग पोरीला घेऊन निघून का नाही गेली? जाणार कुठे? माहेरचं दार बंद होतं. या लग्नाबद्दल वडिलांनी तिला माफ केलं नव्हतं, आणि ते करणारेही नव्हते. पट्टी बांधल्या हाताने दुकानाचं काम अर्धंच होत होतं, मालकीणबाईंनी आधीच नाक मुरडलं होतं. शिवाय स्वतःसाठी तिला आता भीती वाटेनाशी झाली होती. भीती बिट्टीसाठी होती. या टेबलावर कुणीही, कधीही, त्या पोरीकडे वळून काहीही म्हणू शकत होतं, आणि पोर हसत हसत माफ करणार होती. सासूबाईंनी थोबाडीत मारली तेव्हा तसंच झालं होतं. आणि पोरीला हे शिकवलं कोणी? तिनेच. दोन वर्षांची असताना मांडीवर घेऊन, बोट धरून, पाव मोडायला तिनेच शिकवलं होतं.

शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना तिने बिट्टीला समोर बसवलं. उद्या टेबलावर तुला कुणी काहीही म्हणालं तरी तोंड उघडायचं नाही आणि पावाला हात लावायचा नाही, असं बजावलं. बिट्टीने कपाळाला आठ्या घातल्या. भूक लागली तर? तरी नाही. आजोबा रागावले तर? तरी नाही.

"आणि तू म्हणालीस तर?"

"मी तुला काही म्हणणारच नाही," सूनबाई म्हणाली. "मी आजीला म्हणणार आहे."

कारण तिने स्वतःची तयारीही केली होती. न झालेलं तोंडातून निघायला नको असेल तर काहीतरी झालेलं असायला हवं. बिट्टी खेळायला गेल्यावर तिने सासूबाईंचा आवडता निळ्या फुलांचा कप कपाटातून काढला आणि मोरीच्या कडेवर आपटला. मुद्दाम, नीट बघून. आता तिच्याकडे एक खरंखुरं पाप होतं. वाक्यही ठरलं होतं. ती ते दिवसभर मनात म्हणत राहिली: आई, तुमचा निळा कप मी फोडला.

रविवारी सगळे बसले. सासऱ्यांनी बायकोला सांगितलं की तुझं औषध आणायचं विसरलो. सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं की मी चर्चमध्ये तुमच्या घोरण्यावर हसले. नवऱ्याने आईला काही किरकोळ सांगितलं. सगळं पूर्वीसारखं, साय आणि साखर. सूनबाईला हायसं वाटलं. मनातल्या मनात हसलीसुद्धा असेल थोडी. मग सगळे तिच्याकडे वळले.

ती सासूबाईंकडे बघत होती. तोंड उघडलं तेव्हाही ती त्यांच्याकडेच बघत होती. मग मान आपोआप वळली.

"बिट्टे," ती म्हणाली, "पुलावर माझ्या हातून तुझा हात सुटला."

कालव्यावरच्या ज्या पुलावरून त्या रोज शाळेला जात, तो पूल तिला बोलताबोलताच आठवला. हो, आठवलाच. वारा होता. खालचं पाणी मातकट होतं. पट्टीच्या कापडावरून छोटी छोटी बोटं घसरली, एक, दुसरं, आणि पिवळा बूट कठड्याच्या सळीला लागून वाजला. त्यापुढचं तिला दिसलं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि आपणही विचारू नये.

सगळे बिट्टीकडे बघायला लागले. बिट्टीने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले होते. शहाणं लेकरू, शब्द पाळत होतं. सूनबाईने मान हलवली, नको, नको म्हणून. तिला ओरडायचं होतं की बोलू नकोस, पण घशातून नुसती हवा येत होती. आणि तेव्हा ते ओझं तिच्या छातीवर येऊन बसलं. नवरा दोन आठवडे काय वाहत होता ते तिला आता कळलं. आपण केलंय. झालंय. आपल्या लेकराचा हात आपण सोडला, आणि या जगात आपल्याला कुणीही माफ केलेलं नाही. एक क्षणही सोसवेना. नवऱ्याने इतके दिवस काढले कसे?

तिची मान हलायची थांबली.

हे तिला स्वतःलाही कळलं. ती थांबवू शकली असती, निदान मान तरी हलवत राहू शकली असती. पण तिने पोरीकडे पाहिलं, भिकाऱ्यासारखं पाहिलं, आणि तिचे डोळे वाहत होते.

बिट्टीला आईचं रडणं कधीच बघवत नसे. तिने हात तोंडावरून काढले. पाव जवळ ओढला, तुकडा मोडला, उठून आईच्या ताटलीत ठेवला आणि ओल्या गालावर आपला तळवा फिरवला.

"माफ केलं, आई. आता रडू नको."

सासूबाईंजवळ बसणाऱ्या बिट्टीची कबुली अजून बाकी होती. तिने घाईघाईने सांगितलं की मी आज आजोबांच्या पायावर पाय दिला. आजोबांनी माफ केलं. सासूबाईंनी झाकण काढलं. वाफ वर आली, आणि सूनबाईला कडकडून भूक लागली.

६

सोमवारी सकाळी तिने डाव्या हाताने बिट्टीची वेणी घातली. जमली तशी जमली. बिट्टीने आरशात बघून नाक मुरडलं आणि दोघी हसल्या. बाहेर वारा सुटला होता. दुकानात द्यायच्या चादरींचं गाठोडं तिने डाव्या खांद्यावर घेतलं.

किती तरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. शनिवारपर्यंत आपण कशाने एवढ्या घाबरलो होतो, हे तिला नीटसं आठवेना. पुलाचं काहीतरी होतं. पण ते माफ झालं होतं, आणि माफ झालेलं पुन्हा काढायचं नसतं. कोपऱ्यावरून वळताना आपण चर्चमधलं गाणं गुणगुणतोय, हे तिच्या लक्षात आलं.

पुलाशी आल्यावर बिट्टी तिच्या उजव्या बाजूला आली आणि तिने हात वर केला. सूनबाईने तो हातात घेतला. पट्टीमुळे बोटं नीट मिटत नव्हती. दोघी पुलावर चढल्या.